खुर्ची रिकामी असते तेव्हाच मतदान!

नामपूरच्या कांदा बाजारात उभे राहून ‘तुमचा बिशप कोण?’ असे विचारले तर लोक हसतील. बागलाण तालुक्यातील मोसम नदीकाठच्या या गावात आमदार कोण, बाजार समितीचा सभापती कोण, विहार समितीचा अध्यक्ष कोण, हे शाळकरी पोरही सांगेल. बिशपशी आपले काय देणेघेणे? पण कॅथलिक चर्चच्या नकाशावर नामपूरही एका बिशपच्या हद्दीत येते. १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा काढलेला नाशिक धर्मप्रांत नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार अशा पाच जिल्ह्यांवर पसरलेला आहे.

देणेघेणे आहे, ते असे. या धर्मप्रांतातील बहुसंख्य कॅथलिक अहिल्यानगर जिल्ह्यातले. राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर या भागांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येशूसंघीय मिशनरी आले आणि गावकुसाबाहेरच्या माणसांनी त्यांचे बोट धरले. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणाऱ्या अनेक घरांचे आणि दीक्षाभूमीला जाणाऱ्या आपल्या घरांचे पणजोबा एकाच महारवाड्यात राबत होते. एका भावाने बायबल हाती घेतले, दुसऱ्याच्या नातवाने १९५६ नंतर त्रिशरण-पंचशील. बाप्तिस्मा घेतलेल्या त्या भावाला नव्या घरात किती आवाज मिळाला, हा प्रश्न म्हणूनच आपलाही आहे.

चर्चमध्ये सत्ता कशी चालते ते आधी कायद्याच्या अंगाने पाहू. कॅथलिक धर्मगुरू दोन प्रकारचे. येशूसंघासारख्या संघाचे धर्मगुरू आपल्या संघप्रमुखाला बांधील असतात. दुसरे धर्मप्रांतीय धर्मगुरू. ते एका धर्मप्रांताशी आणि म्हणून तिथल्या बिशपशी आयुष्यभरासाठी जोडलेले. दीक्षाविधीत हा तरुण आपले जोडलेले हात बिशपच्या हातात देतो आणि त्याच्या व त्याच्यानंतर येणाऱ्या प्रत्येक बिशपच्या आज्ञापालनाचे वचन देतो. ज्याला पाहिलेले नाही, जो कदाचित अजून नेमलाही गेलेला नाही, अशा माणसाला दिलेले हे वचन आहे.

सध्याची चर्चची धर्मसंहिता १९८३ पासून लागू आहे. तिचे कलम २७३ हे आज्ञापालन बंधनकारक करते. कलम २७४ सांगते की बिशप देईल ते काम, रास्त अडचण नसेल तर, धर्मगुरूने स्वीकारलेच पाहिजे. आणि कलम ३९१ नुसार धर्मप्रांतात कायदा करण्याची, तो राबवण्याची आणि न्याय देण्याची अशा तिन्ही सत्ता बिशपच्या ठायी एकवटतात. न्यायदानासाठी तो धर्मगुरू-न्यायाधीश नेमतो खरा, पण नेमतो तोच. विधिमंडळ, शासन आणि न्यायालय एकमेकांपासून वेगळे असावे, हे आपण संविधानाच्या शाळेत शिकलो. तिथे तिन्ही दालनांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात आहेत.

पण वकिलाने दुसरी बाजूही वाचली पाहिजे. हीच संहिता बिशपचे हातही काही प्रमाणात बांधते. कलम ३८४ त्याला बजावते की धर्मगुरूंचे म्हणणे ऐक, त्यांच्या हक्कांचे रक्षण कर, त्यांच्या उपजीविकेची सोय लाव. धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूला बिशप मनात आले म्हणून हटवू शकत नाही. कलम १७४० ते १७४७ मध्ये त्याची पद्धत घालून दिली आहे. गंभीर कारण हवे. धर्मगुरू मंडळाने ठरवून दिलेल्या गटातील दोघांशी आधी चर्चा हवी. मग संबंधिताला कारण सांगून पंधरा दिवसांत राजीनामा देण्याविषयी समजावायचे. तो नाही म्हणाला तर त्याला कागदपत्रे पाहू द्यायची आणि त्याचे लेखी म्हणणे घ्यायचे. एवढे करूनही हटवले, तर त्याने दहा दिवसांत फेरविचार मागायचा आणि नंतर रोमकडे दाद मागायची. ही दाद प्रलंबित असेपर्यंत बिशपला त्या जागी नवा प्रमुख धर्मगुरू नेमता येत नाही. तात्पुरता कारभारी तेवढा ठेवता येतो. आपल्या भाषेत सांगायचे तर ही अर्धी स्थगितीच झाली.

मग दुखते कुठे? दाद मागायची ती वरच, खाली कुठेच नाही. ज्या धर्मग्रामातून फादरला हलवले तिथल्या लोकांना कुणी विचारत नाही. धर्मगुरू मंडळातले सुमारे निम्मे सदस्य धर्मगुरूंनी निवडलेले असतात, पण मंडळ बोलावतो बिशप, अध्यक्ष बिशप, आणि मंडळाचे मत केवळ सल्ल्यापुरते.

बिशपही स्वतंत्र नाही. त्याला पोप नेमतात. नाव सुचवण्याआधी दिल्लीतील पोपचे राजदूत गुप्तपणे चौकशी करतात. काही निवडक प्रापंचिकांचे मत ते विचारू शकतात. विचारलेच पाहिजे असे नाही. नाशिकचाच अनुभव पाहा. पहिले बिशप थॉमस भालेराव, येशूसंघीय, १९८७ ते २००७ अशी वीस वर्षे राहिले. २००८ च्या जानेवारीत फेलिक्स मच्याडो यांची नेमणूक झाली. ते मूळचे वसईचे. व्हॅटिकनच्या आंतरधर्मीय संवादाच्या कार्यालयात त्यांनी अनेक वर्षे काम केले होते आणि त्यांना व्यक्तिशः आर्चबिशप ही पदवी होती. २००९ मध्ये वसईचे बिशप थॉमस डाबरे पुण्याला गेले. तुकोबांवर पीएच.डी. केलेला हा मराठी माणूस. त्यांची वसईतली जागा भरायला त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मच्याडो नाशिकहून गेले. नाशिकची खुर्ची पुन्हा रिकामी! वर्षभराने अमरावतीचे बिशप लूर्डस डॅनियल नाशिकला आले. २०२४ मध्ये ते निवृत्त झाले आणि मुंबईचे सहायक बिशप बार्थोल बरेटो यांची नेमणूक झाली.

या व्यक्तींविषयी आमची तक्रार नाही. मच्याडो यांना नाशिकमध्ये पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत, हा काही त्यांचा अपराध नव्हे. पण हरेगावच्या, राहुरीच्या, नंदुरबारच्या माणसाने या संपूर्ण फेऱ्यात एकदा तरी हात वर केला का? ज्याच्या घामाच्या पैशातून चर्च उभे राहते, त्याला आपला मेंढपाळ कोण हे जाहीर झाल्यावरच समजते.

आता एक गंमत ऐका. बिशपची खुर्ची रिकामी झाली की कलम ४२१ नुसार सल्लागार धर्मगुरूंनी आठ दिवसांत मतदान करून प्रशासक निवडायचा असतो. म्हणजे धर्मप्रांताचा कारभार कोणी पाहायचा यासाठी मतदान होते, ते खुर्ची रिकामी असते तेव्हाच! त्यातही मत देणारे सल्लागार गेलेल्या बिशपने नेमलेले, आणि निवडून आलेल्या प्रशासकाला कलम ४२८ चा दंडक असा की नवे काही करायचे नाही. मत आहे तिथे सत्ता नाही, सत्ता आहे तिथे मत नाही.

अशा रचनेत तक्रार करणाऱ्याला किती थांबावे लागते? कर्नाटकातील म्हैसूर धर्मप्रांतात २०१९ मध्ये ३७ धर्मगुरूंनी आपल्या बिशपविरुद्ध थेट पोपकडे पत्र धाडले. बिशपांनी आरोप नाकारले. २०२३ च्या जानेवारीत त्यांना रजेवर जाण्यास सांगण्यात आले आणि २०२४ मध्ये त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला. आरोप खरे की खोटे, हा आमचा विषय नाही. ३७ धर्मगुरूंना आपल्याच घरात दाद मागायला जागा नव्हती आणि वरून उत्तर यायला साडेतीन वर्षे लागली, हा विषय आहे. आरोप झालेल्या माणसावरही हा अन्यायच. त्यालाही उघड सुनावणी आणि वेळेत निकाल मिळायला हवा.

आणि जेथे नेमणूक गुप्त असते तेथे जात हळूच शिरते. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर स्वतंत्र लेखन केले आणि धर्म बदलूनही जात सुटत नाही, हे रोखठोक मांडले. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चमध्ये अस्पृश्यता आहे आणि वरच्या नेतृत्वात दलित अत्यल्प आहेत, हे स्वतःच कबूल केले. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला २०२२ मध्ये कार्डिनल झाले. तोवर एकही दलित कार्डिनल झाला नव्हता. इकडे सरकारदरबारी १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, त्या ख्रिस्ती भावाला नाकारल्या गेल्या. तो चर्चमध्ये दलित आणि सरकारी कागदावर दलित नाही.

याउलट तथागतांनी काय केले? आपल्यामागे कोणी वारस नेमला नाही. धम्म हाच वारस, असे सांगितले. संघात उपसंपदा एकटा भिक्खू देऊ शकत नाही. मध्यदेशात दहा आणि सीमाभागात पाच भिक्खूंचा गण लागतो. महत्त्वाच्या कामात ठराव मांडून तीनदा पुकारायचा, विरोध असेल त्याने बोलायचे, मतभेद मिटला नाही तर शलाका वाटून बहुमत मोजायचे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी याच भिक्खुसंघाचा दाखला दिला होता. संसदीय पद्धत आपल्याला परकी नाही, आपण ती गमावली, असे ते सांगत होते. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातील विभूतिपूजेबद्दल कडक इशारा दिला.

इथवर वाचून काही धम्मबांधव खूश झाले असतील. त्यांना एकच विचारतो. आपल्या विहाराच्या समितीची शेवटची निवडणूक कधी झाली?

बिशप पंचाहत्तराव्या वर्षी पोपकडे राजीनामा देतो. त्याचा मुलगा त्याच्या खुर्चीवर बसू शकत नाही. धर्मगुरूला काढायचे तर त्याला कारण सांगावे लागते. आपल्याकडे? पक्षांचे गट झाले, गटांचे उपगट झाले, आणि प्रत्येकाचा अध्यक्ष तहहयात. कार्यकर्त्याने हिशेब विचारला की दुसऱ्या दिवशी त्याची हकालपट्टी वर्तमानपत्रात छापून येते. नोटीस नाही, सुनावणी नाही, अपील नाही. बिशपकडे निदान वाचायला संहिता आहे. आपल्याकडे घटना आहे, पण ती अध्यक्षांच्या कपाटात!

वकिली करताना विहार समित्यांच्या फायली हाताखालून जातात. विश्वस्त वारून दहा-दहा वर्षे झाली तरी धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत त्यांचीच नावे असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम २२ सांगते की विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा. तो दिला जात नाही, कारण दिला तर सभा घ्यावी लागते आणि सभा घेतली तर मतदान. मग वाद पेटतो, दोन गट दोन चेंज रिपोर्ट घेऊन नाशिकला हेलपाटे घालतात, आणि विहाराच्या दाराला कुलूप लागते. मुलांची अभ्यासिका बंद, महिलांचे वर्षावासातले ग्रंथवाचन बंद. गैरकारभार करणाऱ्या विश्वस्ताला कलम ४१ ड खाली निलंबित करता येते, काढताही येते. पण हे कलम ठाऊक असलेला उपासक विरळा.

म्हणून नामपूरपासून सुरुवात करू. बागलाणातील प्रत्येक विहार समितीने येत्या बुद्धपौर्णिमेआधी तीन गोष्टी कराव्यात. धर्मादाय कार्यालयातून आपल्या नोंदीचा उतारा काढून तो सभेत मोठ्याने वाचावा. पदाधिकाऱ्यांची मुदत आणि ते लागोपाठ किती वेळा निवडून येऊ शकतात, हे नियमात लिहून घ्यावे. आणि कोणालाही काढण्याआधी लेखी कारण, म्हणणे मांडण्याची संधी आणि सर्वसाधारण सभेकडे अपील, एवढे तरी बंधन स्वतःवर घालावे. हिशेब तर दरवर्षी भिंतीवर लागलाच पाहिजे.

हरेगावच्या भावाने आपल्या बिशपच्या निवडीत आवाज मागावा. त्याच्या लढ्यात आपण त्याच्या बाजूने आहोत. पण त्याला शहाणपण शिकवायला जाण्याआधी आपल्या विहारातली मतपेटी उघडलेली असली पाहिजे. त्याला मत मागायला रोमपर्यंत जावे लागते. आपल्याला फक्त सभेची नोटीस काढायची आहे.