विश्लेषण : जहाज परतले, पण माणसे कुठे गेली? ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ या गेममध्ये नेमके सोडवायचे काय असते?

व्हिडीओ गेम म्हटले की गोळीबार, गाड्यांची शर्यत किंवा रंगीत गोळ्या जुळवणे डोळ्यांसमोर येते. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये यातले काहीच नाही. खेळाडूच्या हाती एक वही, एक घड्याळ आणि साठ माणसांची यादी असते. त्या प्रत्येकाचे काय झाले, ते शोधून वहीत नोंदवायचे. एवढ्याशा कामावर उभ्या असलेल्या या गेमला २०१९ मध्ये ‘बाफ्टा’चे दोन पुरस्कार मिळाले. एक गेम डिझाइनसाठी, दुसरा कलात्मक कामगिरीसाठी. आणि ते जहाज ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातले असल्याने ही गोष्ट आपल्यालाही फार परकी नाही.

कथानक काय आहे?

१८०२ मध्ये ‘ओब्रा डिन’ हे व्यापारी जहाज दोनशे टनांहून अधिक माल घेऊन लंडनहून पूर्वेकडे निघते. सहा महिने उलटले तरी ते केप ऑफ गुड होपला ठरल्या ठिकाणी पोहोचत नाही, तेव्हा बुडाले असे जाहीर होते. १४ ऑक्टोबर १८०७ रोजी हेच जहाज फाटक्या शिडांनिशी इंग्लंडच्या फालमथ बंदराला येऊन लागते. डेकवर जिवंत कोणी नाही. कंपनीच्या लंडन कार्यालयाकडून विम्याची तपासणी करायला एक निरीक्षक जहाजावर चढतो. तो निरीक्षक म्हणजे खेळाडू.

जहाज आणि त्यावरची माणसे काल्पनिक आहेत. मात्र हुद्दे, जहाजाची रचना आणि कंपनीचा कागदी कारभार त्या काळाशी जुळणारा आहे.

घड्याळाचे काम काय?

सांगाड्याजवळ जाऊन घड्याळ उघडले की आधी पडदा काळा होतो. काही सेकंद फक्त आवाज. कोणी ओरडते, काही तरी मोडते, पावले धावतात. मग मृत्यूचा नेमका क्षण समोर उभा राहतो, तोही गोठलेला. त्या दृश्यात फिरता येते, कोपऱ्यात कोण उभे आहे ते पाहता येते, पण कोणाला हात लावता येत नाही, की कोणाला वाचवता येत नाही. या गेममधली घालमेल तिथूनच येते. दचकवणारी भुते सोडण्याची त्याला गरज पडत नाही.

मग वहीत तीन गोष्टी भरायच्या : हा कोण, कसा मेला, कोणी मारला. अवघड आहे ते पहिलेच. कारण मरताना कोणी स्वतःचे पूर्ण नाव सांगत नाही. बोलण्याची ढब, अंगावरचा गणवेश, कोण कोणाच्या टेबलाशी बसतो, यावरून ओळख पटवावी लागते. एक उदाहरण, ज्याने फारसे गुपित फुटणार नाही : खलाशांच्या यादीला अनुक्रमांक आहेत आणि झोपायच्या झोळ्यांनाही.

अंदाजाने उत्तरे टाकली तर?

इथे या गेमचा सगळ्यात हुशार नियम आहे. एकेक उत्तर बरोबर की चूक, हे गेम सांगत नाही. तीन जणांची माहिती अचूक भरली गेली की तिन्ही एकदम पक्की होतात. प्रत्येक उत्तराला लगेच ‘बरोबर’ म्हटले असते, तर नंबरचे कुलूप फिरवत बसावे तसे कोणीही नावे बदलत बसला असता. पळवाट आहेच. दोघांबद्दल पक्की खात्री असेल, तर तिसऱ्यावर प्रयोग करता येतात. पण ती खात्री आधी कमवावी लागते.

सगळे ठिपक्यांत का दिसते?

लुकस पोप या अमेरिकी डिझायनरने हा गेम साडेचार वर्षे खपून केला. चित्रे, प्रोग्रामिंग, संगीत सगळे त्याचेच. लहानपणी पाहिलेल्या जुन्या मॅकिंटॉश संगणकांवरच्या खेळांसारखा ‘वन-बिट’ पडदा त्याला हवा होता. म्हणजे प्रत्येक पिक्सेल एक तर काळा, नाही तर उजळ. मधली छटा नाहीच. सावली दाखवायची तर ठिपके दाट किंवा विरळ करायचे. जुन्या वर्तमानपत्रातला फोटो डोळ्यांजवळ धरला की दिसायचे, तसेच.

स्थिर चित्रात हे सोपे आहे. त्रिमितीत मान वळवली की अडचण सुरू होते. दृश्य सरकते, ठिपके मात्र काचेवर चिकटल्यासारखे जागीच राहतात आणि पडदा वळवळू लागतो. पोपने ठिपक्यांची जाळी पडद्यावरून काढून खेळाडूभोवतीच्या एका काल्पनिक गोलाच्या आतून चिकटवली. मान वळली की ठिपकेही दृश्यासोबत वळतात. खेळताना हे लक्षातही येत नाही, हेच त्या कामाचे यश.

भारतीय खलाशी कुठून आले?

यादीत काही नावांपुढे ‘भारत’ लिहिलेले आहे. ‘सोलोमन सय्यद’, ‘रेनफ्रेड राजब’ अशी ही नावे, पुढचा भाग इंग्रजी वळणाचा आणि मागचा आपल्याकडचा. कंपनीच्या जहाजांवर मुंबई, कोकण, गुजरात, बंगाल इथले खलाशी खरोखरच असत. त्यांना ‘लस्कर’ म्हणत. मूळ फारसी शब्द तोच, जो मराठीत ‘लष्कर’ झाला. नेपोलियनच्या काळातल्या युद्धांत ब्रिटिश नौदल व्यापारी जहाजांवरची माणसे सक्तीने उचलून नेई, त्यामुळे लस्करांची गरज वाढली. पगार गोऱ्या खलाशांपेक्षा कमी. हे लोक बहुधा आपल्या सारंगाच्या हाताखाली टोळीने भरती होत. गेममध्ये ही व्यवस्था पुरेशी दिसत नाही, ही त्याची उणीवच. पण यादीतल्या एका ओळीमागे असलेला चेहरा शोधायला तो भाग पाडतो.

शेवटी काय हाती लागते?

वही बंद करून निरीक्षक जहाज सोडतो. त्यानंतर कंपनीचा हिशेब येतो. कोणाच्या वारसांना भरपाई, कोणावर गुन्ह्याबद्दल दंड. हे सगळे खेळाडूने वहीत जे लिहिले, त्याच आधारावर. नाव चुकले तर एकाचे पैसे दुसऱ्याच्या घरी.

हा गेम मोबाइलवर नाही. संगणक, निन्टेन्डो स्विच, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांवर तो उपलब्ध आहे. मराठीचा पर्याय नाही, आणि संवाद नीट ऐकल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. हेडफोन लावूनच बसावे. शेजारी कागद-पेन असलेले बरे.