ऊस, कर्ज, ठेव आणि पाणी : सहकाराच्या चार वाटा

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावच्या एखाद्या ऊस उत्पादकाचे वर्ष पाहा. पेरणीच्या तोंडावर सोसायटीचे पीककर्ज, दिवाळीनंतर कारखान्याच्या ऊसतोड टोळीची वाट, बिल आले की पतसंस्थेत थोडी ठेव आणि उन्हाळ्यात कालव्याला पाणी कधी सुटते याची चौकशी. या चारही ठिकाणी तो सहकाराच्या दारात उभा असतो किंवा राहू शकतो. मात्र प्रत्येक दारात त्याचा हक्क आणि त्याची जोखीम वेगळी असते.

सोसायटी : बिनव्याजी कशी?

1875 मध्ये पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव करून कर्जरोखे जाळले. पुढे 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, त्यामागे ग्रामीण कर्जबाजारीपणाचीच चिंता होती. आजची रचना तीन पायऱ्यांची आहे. गावात विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी, वर जिल्हा बँक आणि त्यावर 1911 मध्ये स्थापन झालेली राज्य सहकारी बँक. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर राज्यात व्याज शून्य पडते. मूळ दर सात टक्के. त्यातली तीन टक्के सवलत केंद्र देते, उरलेला भार राज्य सरकार उचलते. मुदत चुकली की ही सवलत जाते. म्हणूनच मार्चअखेर उसनवारी करूनही कर्जाचे 'नवे-जुने' करण्याची, म्हणजे जुने फेडून लगेच नवे उचलण्याची, धावपळ चालते. कर्ज देताना काही रक्कम शेअर म्हणून कापली जाते. अनेकांना ती फक्त कपात वाटते, पण त्याच रकमेने कर्जदार सोसायटीचा सभासद आणि मतदार होतो.

कारखाना : मत एकच, ऊस कितीही

1950-51 च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा करून दाखवला. गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ त्याचा अध्यक्ष होता. मराठवाड्यात, निदान गोदाकाठी, उसाला खरे बळ जायकवाडीने दिले. 1976 मध्ये लोकार्पण झालेल्या या धरणाचा 208 किलोमीटरचा डावा कालवा जालना जिल्ह्यातून परभणीकडे जातो. अंकुशराव टोपे यांनी अंबड तालुक्यात उभारलेला समर्थ सहकारी साखर कारखाना आणि तीर्थपुरीचे त्याचे सागर युनिट याच पट्ट्यातले. शेजारीच देवीदहेगावला समृद्धी शुगर्स हा खासगी कारखाना आहे. राज्यात आज गाळप करणाऱ्या कारखान्यांत जवळपास निम्मे खासगी आहेत.

सहकारी असो वा खासगी, दोन्ही कारखान्यांना एफआरपी, म्हणजे उसाची किमान रास्त किंमत, सारखीच बंधनकारक आहे. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला ती क्विंटलमागे 355 रुपये होती. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर 15 टक्के व्याज, हा 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम. फरक पुढे आहे. सहकारी कारखान्यात दोन एकरवाला आणि वीस एकरवाला यांचे मत एकच. उपपदार्थांच्या नफ्याचे काय करायचे, नवे कर्ज कशासाठी काढायचे, हे विचारण्याचा अधिकार सभासदाला आहे. खासगी कारखान्यात हा प्रश्न मालकाचा.

पतसंस्था : ठेवीला विमा कुठे?

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. सहकारी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या किंवा मल्टिस्टेट (बहुराज्यीय) पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, मग पाटीवरचे नाव कितीही भारदस्त असो. साध्या पतसंस्थेवर राज्याच्या सहकार खात्याची देखरेख असते, तर मल्टिस्टेटचा निबंधक केंद्राच्या अखत्यारीत, म्हणजे तक्रारीची वाट दिल्लीपर्यंत. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये ठेवी अडकल्या तेव्हा मराठवाड्यातल्या ठेवीदारांनी याची किंमत मोजली. दोन टक्के जास्त व्याज मिळते तेव्हा ते कशामुळे मिळते, हे आधी विचारावे.

पाणी : रिकामी राहिलेली जागा

सार्वजनिक सेवेतही सहकार चालू शकतो, पण टिकेलच असे नाही. वीज वाटपाचा मुळा-प्रवरा संस्थेचा प्रयोग अनेक दशके चालला आणि थकबाकीच्या ओझ्याखाली 2011 मध्ये संपला. याउलट नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या प्रयत्नांतून पाणी वापर संस्थांनी अख्ख्या प्रकल्पाचे व्यवस्थापन हाती घेतले. 2005 च्या कायद्याने अशा संस्थांना पाणी मोजून मिळते. कोणते पीक घ्यायचे हे शेतकरी ठरवतो आणि पट्टी संस्था वसूल करते. वरच्याने जास्त उपसले तर शेपटाकडच्याला संस्थेत दाद मागता येते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या काठी ऊस वाढतो आहे आणि टंचाईच्या वर्षी भांडणेही वाढतात. तिथे भक्कम पाणी वापर संस्थांची गरज कारखान्याइतकीच आहे.

सभा चुकवू नका

सहकार बुडतो तो बहुतेक वेळा भांडवलाअभावी नव्हे. निवडणुकीत पॅनलसाठी रात्र जागवणारे सभासद वार्षिक सभेला येत नाहीत, आणि ताळेबंद 'मंजूर, मंजूर' म्हणत दहा मिनिटांत पार पडतो. तिथेच संस्था हातातून निसटते. कायद्याप्रमाणे ही सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. येत्या सभेला जा आणि तीन गोष्टी विचारा : लेखापरीक्षणाचा वर्ग अ, ब, क की ड? थकबाकी किती आणि त्यात संचालकांची किती? गेल्या वर्षीच्या लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांवर काय केले? उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या. शेअरचे पैसे तुम्ही आधीच भरलेले आहेत, आता हिशेब मागणे तेवढे बाकी आहे.