सॉइल म्हणजे काय रे भाऊ?

मित्रांनो, थर्ड इयरच्या व्हायव्हात सरांनी विचारलं, "सॉइल म्हणजे काय?" मी वाळवा तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. झटकन म्हणालो, "ज्यात पीक येतं ती माती!" सर हसले. "ही अ‍ॅग्रीवाल्यांची व्याख्या. तुम्ही सिव्हिलला आहात ना?"

रूमवर येऊन डिक्शनरी उघडली. सॉइल म्हणजे माती, जमीन, मायभूमीसुद्धा. क्रियापद म्हणून मात्र 'मळवणे'! पण तो शब्द वेगळ्या मुळातून आलाय, नुसता दिसायला सारखा.

सिव्हिलच्या सॉइलमध्ये पीक नाहीच. खडक झिजून झालेले सुटे कण म्हणजे सॉइल, मग ती वाळू असो, मुरूम असो की चिकणमाती. ४.७५ मिमीच्या वर ग्रॅव्हल, त्याखाली ७५ मायक्रॉनपर्यंत सँड, मग सिल्ट आणि २ मायक्रॉनच्या आत क्ले. टेरझागी यांनी १९२५ साली पुस्तक लिहून या शास्त्राचा पाया घातला.

आता गंमत बघा. कृष्णाकाठची काळी माती ही शेतकऱ्याची काळी आई. उसाला, हळदीला झकास. इंजिनिअरला मात्र तीच 'ब्लॅक कॉटन सॉइल' म्हणजे डोकेदुखी! तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि भिंतींना तडे जातात. म्हणून पायाखालची काळी काढून मुरूम भरतात. आणि शेतकऱ्याचा जीव ज्या वरच्या थरात, तो आपण बांधकामाआधी खरवडून टाकतो. कारण त्यातला पालापाचोळा कुजला की जमीन खचते.

हे सगळं पाठ होतं, पण कळलं दिवाळीच्या सुट्टीत. अण्णा म्हणाले, "वीटभट्टीवाला वरची दोन फूट माती मागतोय. तुझी फी निघंल. खाली बी मातीच हाय की."

मी गप्प बसलो. फी माझीच होती ना! शेवटी म्हणालो, "अण्णा, खाली मातीच आहे, पण ती माझ्या पुस्तकातली. तुमची माती वरच्या फूटभरातच असते. ती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात."

अण्णा बराच वेळ बांधावर बसून राहिले. माती विकली नाही. म्हैस विकली.

तेव्हा दोस्तांनो, साइटवर टॉपसॉइल काढाल तेव्हा भरावात गाडू नका. बाजूला ढीग करा, कुणाच्या तरी शेतात जाऊ द्या. व्हायव्हात मात्र सिव्हिलचीच व्याख्या सांगा!