पेरणीच्या तोंडावरचा योग

२१ जून २०१५ला रविवार होता. दिल्लीत राजपथावर ३५ हजार ९८५ माणसांनी एकाच वेळी आसनं केली, त्याची विश्वविक्रमात नोंद झाली आणि पहिला आंतरराष्ट्रीय योग दिन पार पडला. बुलडाणा जिल्ह्यात चिखली-खामगाव रस्त्यावरच्या उंद्रीत, म्हणजे उदयनगरात, त्या सुमाराला माणूस आभाळाकडं बघत असतो. मृग सरत आलेला, आर्द्रा लागायची. बियाणं घरात येऊन पडलेलं आणि पेरावं की आणखी एका पावसाची वाट बघावी, याचा घोर. त्यात विदर्भातल्या शाळा उन्हामुळं उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून उघडतात. योग गावात यायचा त्या दिवशी शेतकरी वावरात आणि पोरं सुटीवर.

तारीख ठरली ती वेगळ्या हिशेबानं. उत्तर गोलार्धातला सगळ्यात मोठा दिवस म्हणून भारतानं २१ जून सुचवला, आणि ११ डिसेंबर २०१४ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १७७ देशांच्या पाठबळानं तो मान्य केला. हिशेब सूर्याचा होता, पावसाचा नव्हता. त्यानंतरच्या वर्षांचा मागोवा घ्यायला बसलं की मला आधी हीच गोष्ट आठवते. सरकारी कार्यक्रम होतात, फोटो निघतात, सतरंज्या गुंडाळल्या जातात. पारावरचं उत्तरही दरवर्षी तेच असतं, “आमचा योग त रोजच चालू हाये वावरात.”

हसून सोडून द्यावं असं ते वाक्य नाही, पण ते खरंही नाही. निंदणाला गेलेली बाई दिवसभर उकिडवी असते, पाठ पुढं वाकलेली. कपाशी वेचताना ओटीचं ओझं कमरेला ओढतं. फवारणीचा पंप भरला की पंधरा-सोळा लिटर पाणी पाठीवर. हे कष्ट आहेत, व्यायाम नाही. शरीर एकाच बाजूला, एकाच दिशेला, श्वास कोंडून वापरलं जातं. चाळिशीतच टोंगळे बोलू लागतात आणि कमरेत उसण भरते ती त्यामुळं. दिवसभर पुढं वाकलेल्या पाठीला मागं वळवणारं भुजंगासन किंवा शलभासन हे त्या कष्टाचं नाव नव्हे, त्याच्यावरचा उतारा आहे. तोही रामबाण नाही. जुनाट कंबरदुखीवरच्या बारा अभ्यासांचा २०१७ साली वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेनं एकत्र आढावा घेतला. व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा योग करणाऱ्यांना थोडा ते मध्यम फरक पडला. इतर व्यायामांपेक्षा योग सरस आहे, असं मात्र ठामपणे दिसलं नाही. एवढा फरकही गोळी खाऊन वावरात जाणाऱ्याला कमी नाही.

आमच्या भागाला शरीर घडवण्याची ओळख योग दिनानं झाली असं नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या चमूनं देशी खेळ आणि व्यायाम जगापुढं करून दाखवले. तिकडं औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्काराचा ध्यासच घेतला होता. आणि लोणावळ्यात १९२४ साली जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी कैवल्यधाम उभं केलं. खानदेशात अमळनेरला शिक्षक असलेल्या या माणसानं नौली आणि उड्डियान या योगक्रिया करणाऱ्याच्या पोटात नेमकं काय होतं, हे क्ष-किरण लावून बघितलं. पोटात आणि आतड्यात दाब कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. सिद्धी, चमत्कार, गुहा यांच्या घोळातून योग मोजपट्टीखाली आला तो या प्रयोगशाळेत. ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही त्याच वर्षी निघालं. पुण्यात १९३७ला आलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी पुढं दोर, पट्टे, ठोकळे आणि खुर्च्या आणून आखडलेल्या माणसालाही आसनापर्यंत पोचवलं. ते स्वतः लहानपणी आजारांनी खिळखिळे झाले होते, म्हणूनच कदाचित त्यांना दुबळ्या शरीराची भाषा कळली.

पण लोणावळा आणि पुणं आम्हाला दूर. विदर्भात योग घरोघरी नेला तो नागपूरच्या जनार्दनस्वामींनी, आणि या माणसाची आठवण आपण फारच कमी काढतो. स्वामींनी योगाभ्यासी मंडळ काढलं, फी ठेवली नाही. ‘सुलभ सांघिक आसने’ हे त्यांच्या पुस्तकाचं नाव. त्यातले तीन शब्द मला महत्त्वाचे वाटतात. सुलभ, म्हणजे वाकता न येणाऱ्यालाही जमेल असं. सांघिक, म्हणजे एकट्यानं चार दिवसांत सोडून देऊ नये म्हणून चौघांबरोबर. आणि आसने, म्हणजे चमत्कार नव्हेत. शिकलेल्यानं पुढं शिकवायचं, अशी ती साखळी होती. मोठा मांडव लागत नव्हता, पाहुणे लागत नव्हते.

त्यानंतर योग आला टीव्हीवरून. दोन हजारनंतरच्या दशकात सकाळी सकाळी रामदेव बाबांची शिबिरं घरात दिसू लागली आणि कपालभाती, अनुलोम-विलोम हे शब्द ओसरीवर पोचले. याचं श्रेय द्यायला हवं. पण टीव्ही शिकवतो, दुरुस्त करत नाही. रक्तदाब असलेला माणूस जोरजोरात कपालभाती करत असेल तर त्याला थांबवणारं समोर कुणी नव्हतं. बाकी केस काळे व्हावेत म्हणून गप्पा मारता मारता नखं घासणारी मंडळी मात्र गावोगाव दिसत. ती निरुपद्रवी होती.

कोरोनानं वेगळा धडा दिला. २०२०चा योग दिन घराघरांत झाला. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत प्राणवायू कमी झालेल्यांना पालथं झोपायचा सल्ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं दिला. पोटावर निजून श्वासाकडं लक्ष द्यायचं हे अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा केलं, आणि कुणी त्याला योग म्हटलं नाही. मला तो या सगळ्या वर्षांतला सर्वांत खरा योगवर्ग वाटतो. तिथं दाखवायला कुणी नव्हतं.

मनाची गोष्ट अवघड आहे. १ जुलै २००६ला केंद्रानं विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३ हजार ७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात बुलडाणा होता. अशा जिल्ह्यात ‘योगानं ताण जातो’ असं व्यासपीठावरून सांगणं मला नेहमी टोचतं. सोयाबीनचा भाव प्राणायामानं वाढत नाही आणि सावकार शवासनात दिसेनासा होत नाही. तरीही एक गोष्ट शरीरशास्त्राची आहे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. सावकाश, लांबवून सोडलेला उच्छ्वास शरीराला सैल सोडतो. रात्री दोन वाजता डोळा न लागणाऱ्या माणसाला हे आलं तर निदान पहाटेपर्यंतचा वेळ निभतो. कर्जाचा प्रश्न सकाळी तसाच असतो, पण झोपलेला माणूस त्याच्याकडं वेगळ्या डोळ्यांनी बघतो. आणि जिथं श्वासानं भागत नाही तिथं योगशिक्षकानं मध्ये येऊ नये, १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर फोन लावून द्यावा. २०२२ पासून ही मोफत सेवा आहे. योग परिपूर्ण आहे असं म्हणणाऱ्यांना हे आवडत नाही. पण योग हा शरीर आणि मन दोन्हींचा विचार आहे, हे खरं मानायचं तर तो कुठं थांबतो तेही सांगता आलं पाहिजे.

मग खेड्यात योग रुजायचा कसा? उत्तर आमच्याकडं आधीपासून आहे. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा होतो. थंडीत माणसं अंघोळ करून देवळात येतात, टाळ हातात घेतात आणि तासभर लांब लांब सुरात गातात. कुणी निमंत्रण देत नाही, बॅनर लागत नाही, हजेरी कुणी घेत नाही. शेजारचा आला नाही की विचारणा मात्र होते. महिनाभर रोज चालणारी ही शिस्त ज्या गावाला जमते, त्याला आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास बसणं जमणार नाही, हे मी मानत नाही. जनार्दनस्वामींचा ‘सांघिक’ शब्द इथंच बसतो.

वेळ तेवढी बदलायची. जूनमध्ये नको, तेव्हा पेरणी आहे. माघातल्या रथसप्तमीला सूर्यनमस्काराचा दिवस महाराष्ट्रात ठिकठिकाणी पाळतातच. तेव्हा कपाशीची वेचणी उरकत आलेली असते, तूर निघालेली असते, पहाट थंड असते. उंद्रीकरांनो, येत्या रथसप्तमीला काकड्याच्याच वेळेला देवळाच्या सभामंडपात बसायला सुरुवात करा. पहिले आठ दिवस फक्त भुजंगासन, मकरासन आणि सावकाश श्वास. रक्तदाब, हर्निया किंवा मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. पाहुणे बोलवू नका. सतरंजी ज्याची त्यानं आणावी.