शेतराखणीची बंदूक : घेण्याआधी एवढे वाचा



भात चिकात आले, भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या, मक्याला कणसे लागली, की गावोगावी मला एकच प्रश्न विचारला जातो. "साहेब, डुकरांनी पार वाट लावली. नेम चुकणार नाही अशी एखादी बंदूक स्वस्तात मिळेल का?"

या प्रश्नाला मी कधी हसत नाही. चार महिने घाम गाळून आणलेले पीक एका रात्रीत नांगर फिरवल्यासारखे उलथलेले पाहिले, की कुणाच्याही मनात बंदूकच येईल. म्हणून आज या प्रश्नाचे उत्तर नीट देतो.

प्रथम रायफलीविषयी. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते आणि नेम लांबवर साधतो. पण हाच गुण शेतात धोक्याचा ठरतो. अगदी लहान, .२२ बोअरची गोळीसुद्धा दीड किलोमीटरहून पुढे जाऊ शकते. रात्रीच्या अंधारात आपल्या बांधापलीकडे कोणाचे खळे आहे, कोण पाण्यावर गेला आहे, हे कोणी सांगावे? १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीक संरक्षणासाठी मुख्यतः ठासणीच्या बंदुकीचाच उल्लेख आहे. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तर किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत अशी छऱ्याची बंदूक मिळू शकते.

कोकणात पुष्कळ घरांत ठासणीची बंदूक आजही आहे. तिचे काम साधे. नळीच्या तोंडातून दारू आणि छरे घालायचे, गजाने ठासायचे, केप लावायची आणि घोडा चढवून चाप ओढायचा. बार एकच. तो फुकट गेला, तर दुसरा भरेपर्यंत डूकर रानात पोचते. छरे लांब गेले की विखुरतात, म्हणून या बंदुकीचा नेम जवळचाच. दारूचे माप दर वेळी तेच हवे, डोळ्याच्या अंदाजाने भरलेला बार कधी कमी पडतो, कधी नळी फोडतो. पावसाळी हवेत दारू सर्द होते आणि बार उडतच नाही. अशा वेळी नळीत डोकावून पाहण्याचा मोह प्राणावर बेततो.

काही जण म्हणतात, जुनी नळी आहे, लोहाराकडून दस्ता बसवून घेऊ, स्वस्तात काम होईल. हे चुकूनही करू नका. बंदूक बनवणे असो की दुरुस्त करणे, ते परवानाधारक कारागिराचेच काम. घरी जोडलेली बंदूक हा गुन्हा तर आहेच, शिवाय ती आधी आपलाच हात घेऊन जाते.

परवान्यासाठी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा लागतो (पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे). पोलिसांची चौकशी होते. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत पाच वर्षे झाली आहे. परवान्यात ज्याचे नाव, त्यानेच बंदूक हाताळायची. मुलाने किंवा गड्याने नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी दहांतल्या नऊ जणांना ठाऊक नसते. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुकराला संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत येते. उभ्या पिकाला धोका असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती हातात आल्याशिवाय बार टाकलात, तर पीक वाचवायला निघालेला माणूस आरोपी होतो. परवानगीने मारलेले जनावरही सरकारच्या मालकीचे असते. त्याचे वाटे घालता येत नाहीत.

आणि एवढे करून बंदूक किती कामी येते? माझ्या ओळखीच्या एका आजोबांकडे वडिलांच्या काळापासून ठासणीची बंदूक आहे. ते मला म्हणाले, "साहेब, हिने डुकरे मेली थोडी, आवाजाने पळाली फार. आणि पळाली ती चौथ्या दिवशी परत आली." निवडणुकीच्या काळात तर बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येऊ शकतो. २०१९ ची विधानसभा निवडणूक ऑक्टोबरात झाली, नेमक्या भात पिकण्याच्या दिवसांत!

मग करावे काय? डुकराची खोड ओळखा. त्याची नजर अधू, पण नाक तिखट. ते बहुधा रात्री, ठरलेल्या वाटेने येते. त्या वाटा आधी शोधा. रब्बी भुईमुगाभोवती करडईच्या चार-पाच दाट ओळी घ्या. ती काटेरी झाली की डूकर सहसा त्यात घुसत नाही. ऐन चिकाच्या पंधरा-वीस रात्री शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून पाळीने राखण करावी. एकट्याची राखण तिसऱ्या रात्री झोपी जाते.

जमत असेल तर सौर कुंपण घ्या. त्याच्या यंत्रातून तारेत साधारण सेकंदाला एकदा, क्षणभराचाच झटका जातो. जनावर दचकते, मरत नाही. सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवा, नाहीतर डूकर तिच्याखालून नाक घालते. तारेला टेकणारे गवत कापत राहा, कारण ओल्या गवतातून झटका जमिनीत जातो. अनुदानाची चौकशी वन आणि कृषी खात्याकडे करा. दोन-तीन शेते मिळून एक कुंपण केले, तर खर्च विभागतो.

पण विजेच्या खांबावरून किंवा मोटारीच्या पेटीतून आकडा टाकून तारेत थेट वीज सोडू नका. तो झटका क्षणाचा नसतो, तो प्रवाह सोडतच नाही. एका गावात पहाटे पाणी द्यायला निघालेला माणूस अशाच तारेवर पडलेला मी पाहिला. तार लावणारा त्याचा सख्खा चुलतभाऊ होता. डुकराच्या पायी एक घर स्मशानात गेले, दुसरे कोर्टात. दोन्ही घरच्या बायका एकाच विहिरीवर पाणी भरत होत्या, त्या आजही एकमेकींकडे पाहत नाहीत. फासे आणि गावठी बॉम्ब यांचीही गत तीच. त्यांना डूकर कळत नाही, वासरू कळत नाही, खेळणारे पोर कळत नाही.

नुकसान झालेच, तर गप्प बसू नका. रानडुकराने केलेल्या पीकनुकसानीची भरपाई वनखाते देते. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी अर्ज करा, सातबारा जोडा, आणि पंचनामा होईपर्यंत शेत आवरू नका. खुरांचे ठसे आणि उलथलेली माती हाच आपला पुरावा.

भगिनींनो, शेवटचा शब्द तुमच्यासाठी. घरात परवान्याची बंदूक असेल, तर ती रिकामी करून कुलपात आणि दारू-छरे दुसऱ्या कुलपात आहेत ना, हे रोज झोपण्याआधी विचारा. कारभारी रागावले तरी विचारा.

आणि बंधूंनो, उद्या सकाळी बंदुकीचा अर्ज लिहिण्याआधी एक चक्कर बांधावरून मारा. डूकर नेमके कुठून आत येते ती जागा सापडली, की अर्धी राखण झाली असे समजा.