योबेलाचे वर्ष आणि आपले रोजचे जिणे

आपल्या न्यासाचा सुवर्णमहोत्सव होत आहे आणि जो तो या वर्षाला ज्युबिली म्हणत आहे. हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला खरा, परंतु त्याचे मूळ जुन्या करारात आहे. इब्री भाषेत 'योबेल' म्हणजे एडका, आणि त्यावरून एडक्याचे फुंकावयाचे शिंग. लेवीयाच्या पुस्तकातील पंचविसाव्या अध्यायात असा नियम सांगितला आहे की, सात वर्षांची सात आवर्तने मोजावीत, आणि पुढील पन्नासाव्या वर्षी प्रायश्चित्ताच्या दिवशी देशभर हे शिंग फुंकावे. त्या वर्षी विकलेली जमीन ज्याच्या कुळाची त्याच्याकडे परत जावी. दारिद्र्यापायी दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्याने मोकळे होऊन मुलाबाळांसह आपल्या घरी यावे. त्या वर्षी पेरणी करावयाची नाही आणि कापणीही करावयाची नाही. हा नियम प्रत्यक्षात कितपत पाळला गेला याविषयी पंडितांत मतभेद आहेत. तो पाळणे किती कठीण होते हे मात्र ज्याने सात-बाराचा उतारा एकदा तरी हातात धरला आहे त्याला सांगावयास नको.

या नियमाची कारणे तेथेच दिली आहेत आणि ती आमच्या आजच्या विषयाशी निगडित आहेत. पहिले कारण असे की, जमीन देवाची आहे. तुम्ही तिच्यावरचे उपरे, चार दिवसांचे पाहुणे आहात. दुसरे कारण एका प्रश्नाच्या रूपाने येते. पेरले नाही तर खाणार काय? हा प्रश्न लोक विचारतीलच, असे गृहीत धरून शास्त्रातच त्याचे उत्तर दिलेले आहे. पहिल्या कारणाला आपण नम्रता म्हणतो, दुसऱ्याला भरवसा. म्हणजे ज्युबिलीचा अर्थ शास्त्राप्रमाणे पाहू गेल्यास तो मांडव, मानपत्रे आणि फोटो यांच्याशी फारसा जुळत नाही. मांडव घालू नये असे आमचे म्हणणे नाही. मांडवात जिलेबी मिळते आणि लहान मुलांना महोत्सव लक्षात राहतो तो त्यामुळेच.

नम्रता या शब्दाचे आपल्याकडे फार हाल झाले आहेत. कोणताही अर्ज घ्या, शेवटी 'आपला नम्र' असे लिहिलेले असते; आणि वरचा मजकूर पाहावा तर समोरच्याची पिढ्यान्‌पिढ्यांची उणीदुणी काढलेली असतात. सभेत 'मी पामर काय बोलणार' अशी सुरुवात करणारे वक्ते पाऊण तास बोलतात. ही बोलण्याची रीत झाली. नव्या करारातील लीनता ती ही नव्हे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत यासाठी 'तापेइनोस' या शब्दापासून आलेली रूपे आहेत. त्या काळच्या ग्रीक व रोमी जगात हा शब्द बहुधा हलक्या, दबलेल्या, मान नसलेल्या माणसाला उद्देशून तुच्छतेने वापरीत. मानमरातबावर उभ्या असलेल्या त्या समाजात पौलाने फिलिप्पैकरांस लिहिले की, ख्रिस्ताने आपण होऊन हे हलकेपण पत्करले, दासाचे रूप घेतले. शिवीसारखा शब्द उपासनेत आला. आपल्याला कमी लेखणे हा याचा अर्थ नाही. जो उंच होता तोच खाली वाकला. ज्याच्यापाशी काही होते त्यानेच ते बाजूला ठेवले.

प्रभूने आपले जू घेण्यास सांगितले तेव्हा स्वतःला सौम्य आणि लीन म्हटले आहे. दुसऱ्या शतकातील जस्टिन या लेखकाने असे नमूद केले आहे की, येशू सुतारकाम करीत असता नांगर आणि जुवे बनवीत असे. जू वाईट तासले तर बैलाचे खांदे सोलवटतात, हे ज्यांच्या घरी बैलजोडी होती त्यांनी पाहिलेले आहे. ओझे तेच असते; पण जू मानेला बसते की नाही यावर सारे अवलंबून असते. म्हणून लीनता म्हणजे काम टाळणे नव्हे. ती मानेला नीट बसणाऱ्या जुवाखाली चालण्यासारखी आहे.

याचे आपल्या मराठी मंडळीतील उदाहरण द्यावयाचे तर पंडिता रमाबाईंचे द्यावे लागेल. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, संस्कृत ग्रंथ ज्यांना मुखोद्गत होते, त्या बाईंनी आयुष्याची शेवटली वर्षे कशात घालवली? इब्री आणि ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात. ते भाषांतर पंडितांसाठी नव्हते. केडगावच्या मुक्तिसदनात आलेल्या, दुष्काळातून वाचलेल्या, अक्षर नुकतेच ओळखू लागलेल्या बायकांना शास्त्र कळावे यासाठी ते होते. ज्यांच्यापाशी शब्दांचा एवढा खजिना होता त्यांनी मुद्दाम सोपा शब्द शोधावा, यात काय कष्ट आहेत हे लिहिणाऱ्यालाच कळेल. अवघड लिहिणे पंडिताला हातचा मळ असतो. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवण्याचे कामही तेथल्याच बायका करीत. १९२१ च्या जुलैत रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा वारली. काम तरीही चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई निवर्तल्या आणि संपूर्ण शास्त्र १९२४ साली छापून झाले.

श्रोत्याच्या भाषेपुढे वाकण्याची ही रीत आपल्याकडे त्याहूनही जुनी आहे. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' मराठी ओवीत रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले.

आता भरवशाकडे वळू. प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची जी विनंती आहे तिच्यातील 'रोजची' हा शब्द भाषांतरकारांना फार छळत आला आहे. मूळ ग्रीक शब्द 'एपिऊसिओस' असा असून या प्रार्थनेबाहेर तो जवळजवळ कोठेच सापडत नाही. तिसऱ्या शतकातील ओरिजेन हा ग्रीक पंडित; पण त्यालाही हा शब्द शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा असे वाटले. कोणी त्याचा अर्थ 'जगण्यापुरती' असा करतात, कोणी 'येणाऱ्या दिवसाची'. जेरोमने लॅटिन भाषांतर करताना एकाच शब्दाला मत्तयात एक आणि लूकमध्ये दुसरा प्रतिशब्द योजला. आम्हांला यातून एवढेच दिसते की, कोणताही अर्थ घेतला तरी त्यात वर्षाचे धान्य भरण्याची गोष्ट नाही. मागणे फार तर उद्यापर्यंत जाते.

येथे कोणी म्हणेल, मग आम्ही उन्हाळ्यात पापड-कुरडया घालू नयेत काय? मुलीच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला टाकू नयेत काय? याचे उत्तर निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातील मान्नाच्या कथेत आहे. रानात इस्राएली लोकांनी माणशी एक ओमर मान्ना गोळा करावयाचा. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. एवढेच आपण लक्षात ठेवतो. परंतु त्याच कथेत सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा आहे, आणि तो साठवलेला मान्ना नासत नाही. म्हणजे साठवण्यात दोष नाही. उद्या देव असणार नाही अशा भीतीने जे साठवले जाते ते नासते. विसाव्यासाठी, ठरल्या गरजेसाठी साठवलेले टिकते. न्यासाच्या ठेवींविषयी दरवर्षी वार्षिक सभेत जो वाद होतो, त्यातील दोन्ही पक्षांनी हा अध्याय पुन्हा एकदा वाचावा अशी आमची शिफारस आहे.

रमाबाईंच्या हाती खात्रीचे उत्पन्न फार थोडे होते. अमेरिकेतील साहाय्यक मंडळाने दहा वर्षांपुरती मदत कबूल केली होती, तीही शारदासदनासाठी. ती मुदत संपत आली असता १८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि बाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यांना घालावयाचे काय, हा प्रश्न आधी सुटला नव्हता. त्या प्रार्थना करीत; पण केडगावी विहिरीही खोदल्या गेल्या, शेती झाली, विणकाम झाले, तेलाचा घाणा चालला. त्यांच्या भरवशाच्या हाती कुदळ होती, असे म्हणावेसे वाटते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा भरवसा निराळ्या जातीचा. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' उभारण्याच्या मागे लागले. ते थोर होते यात शंका नाही. मात्र ज्या घरात पैसा टिकत नाही आणि येणारा-जाणारा पानावर बसतो, त्या घराची चूल कोणी तरी पेटती ठेवावीच लागते. ती लक्ष्मीबाईंनी ठेवली. पुरुषाच्या श्रद्धेची किंमत पुष्कळदा स्वयंपाकघरात मोजली जाते, ही गोष्ट 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला हसता हसता कळते. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात दोघे पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. आपल्याच घरात आपल्या हातचे पाणी चालू नये, हे नवऱ्याने सोसले. नवऱ्यामागे सगळे गणगोत तुटले, हे बायकोने सोसले. एका छपराखाली अशी वाट पाहणे पगार सोडण्याइतकेच कठीण असते. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. लग्नानंतर कष्टाने लिहायला-वाचायला शिकलेल्या या बाई!

आता आपल्या घरची गोष्ट. 'विश्वस्त' हा आपल्या भाषेतला फार चांगला शब्द आहे. ज्याच्यावर विश्वास ठेवला तो विश्वस्त. पैसा त्याचा नसतो. तो योबेलाच्या जमिनीवरल्या पाहुण्यासारखा. प्रभूने दानधर्माविषयी सांगितले की, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. आणि त्याच प्रवचनात दिवा मापाखाली झाकून ठेवू नका असेही सांगितले. हिशेब दिव्याखाली असावेत, पै न्‌ पै सर्वांना दिसावी. मदत घेणाऱ्याचे तोंड मात्र अंधारात राहावे. आपल्याकडे पुष्कळदा याच्या उलट होते. वह्या-पुस्तकांच्या वाटपाला मुलांना व्यासपीठावर रांगेत उभे करून फोटो काढतात, आणि हिशेब मागितला की कपाटाची किल्ली सापडत नाही. (या स्मरणिकेतही देणगीदारांची यादी आहेच. ती नसती तर छपाईचा खर्च निघाला नसता, हेही खरे.)

देणाऱ्याच्या नम्रतेविषयी पुष्कळ बोलले जाते; घेणाऱ्याच्या नम्रतेविषयी फारसे कोणी बोलत नाही. शेवटल्या भोजनाच्या रात्री प्रभूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले तेव्हा पेत्राने पाय मागे घेतले. आपल्या गावाकडे पाहुण्याला पायांवर घ्यायला तांब्याभर पाणी देतात. पाय तो स्वतः धुतो. यहूदी घरांत ते काम अगदी हलक्या नोकराचे. गुरूने ते करावे हे पेत्राला सोसले नाही, आणि त्याच्या त्या संकोचात प्रेम होते तसा थोडा ताठाही होता. धुऊ दिले नाहीस तर माझ्याशी तुझा वाटा नाही, या अर्थाचे उत्तर त्याला मिळाले.

हा ताठा आपल्या मध्यम स्थितीतील कुटुंबांत फार आहे. नोकरी गेली, आजारपण आले, तरी 'आपण कधी कोणापुढे हात पसरला नाही' हे वाक्य सुटत नाही. दागिना गहाण जातो, सावकाराचे व्याज चढते, मुलीचे कॉलेज थांबते. आणि जो निधी वाडवडिलांनी याच दिवसांसाठी थेंबे थेंबे साठवला त्याच्या दाराशी कोणी येत नाही. त्यात घेणाऱ्याचा जसा दोष आहे तसा देणाऱ्यांचाही आहे. समितीपुढे उभे करून खाजगी प्रश्न विचारले जातात आणि रविवारच्या उपासनेनंतर अंगणात त्याचीच कुजबूज होते, म्हणून लोक येत नाहीत. ज्याने गेल्या वर्षी हंगामाच्या अर्पणात भोपळ्याला चढी बोली लावली, त्याला यंदा फीसाठी अर्ज करणे जड जाते.

यावर उपाय अवघड नाही. अर्ज सर्व समितीपुढे न येता कोणाही एका विश्वस्ताकडे बंद पाकिटात देता यावा. समितीने नाव न पाहता गरज आणि रक्कम पाहून ठरवावे. नाव हिशेबतपासनिसाला दाखवण्यापुरते कुलपात राहावे. परतफेडीची अट नसावी, पण ज्याला पुढे परत करावेसे वाटेल त्याचे पैसेही त्याच पाकिटातून, नावाविना यावेत. शाळांच्या फीची ओढ जूनमध्ये लागते. अर्जांचे काम मे महिन्यातच उरकले, तर कोणाही मुलाला वर्गात उभे राहून थकबाकीच्या यादीत आपले नाव ऐकावे लागणार नाही.