पट्टे नसलेल्या जनावराची मोजदाद

दसरा चार दिवसांवर आला होता. कडबनवाडीच्या माळावर सकाळी गवत दवानं ओलं होतं आणि कुसळं इतकी पिकलेली, की शंभर पावलांत पायांवर त्यांचा थर चढला. सोबतची अभ्यासक तरुणी पायवाटेच्या तिठ्यावर उकिडवी बसली. समोर वाळून पांढरट पडलेली विष्ठा होती. वाटा फुटतात तिथे लांडगा ती हमखास टाकतो. ती त्याची हद्दीची खूण. तिनं शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढला, काडीनं विष्ठा जराशी फोडली. आत हाडाचे कण आणि केसांची गुंतवळ. "शेळी असेल, चिंकारा असेल, ससाही असेल," ती म्हणाली. केस चाळणीत धुवायचे, वाळवायचे, मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या गाभ्याची नक्षी बघायची. तोवर ती ठाम काही बोलणार नाही.

बारामती-इंदापूर म्हटलं की डोळ्यांसमोर ऊस येतो. नीरेचा डावा कालवा आणि भीमेवरचं उजनी धरण यांनी या मुलखाचा मोठा भाग हिरवा केला. पण पाणी न पोहोचलेला मधला पट्टा अजून मुरमाड माळाचाच आहे. इंदापुरात कडबनवाडी, बारामतीत शिर्सुफळ, सुप्याजवळ 1997 साली जाहीर झालेलं जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचं मयुरेश्वर अभयारण्य. इथे वाघ नाही. या माळावरचा मोठा शिकारी लांडगा, आणि त्याचा अभ्यास वाघाच्या अभ्यासाहून कितीतरी अवघड आहे.

वाघाचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत त्यांच्याच आधारे, आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावून वाघांची संख्या शास्त्रशुद्ध रीतीनं काढायला सुरुवात केली. लांडग्याच्या अंगावर असं काहीच नाही. कॅमेऱ्यात पाच फोटो आले, तर ते पाच लांडगे की एकच पाच वेळा, हे सांगणं फार कठीण. शिवाय वाघाला जंगल असतं, नकाशावर त्याची रेघ असते. लांडगा रात्रीतून ज्वारीचं रान, कालवा, डांबरी रस्ता आणि दोन गावांच्या शिवा ओलांडतो.

आणि तरी शास्त्राच्या वहीत हे जनावर शिरलं ते याच दख्खनमधून. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्सनं 1831 साली त्याचं वर्णन छापलं. शास्त्रीय नाव दिलं पल्लिपेस, म्हणजे फिक्या पायांचा, आणि त्यासोबत मराठी नाव लांडगाही नोंदवलं. हा प्राणी उघड्या खडकाळ माळावर भरपूर, घाटातल्या रानात मात्र नाही, हे त्यानं तेव्हाच टिपलं होतं. 2021 साली लॉरेन हेनेली आणि सहकाऱ्यांच्या जनुकीय अभ्यासातून दिसलं, की आज जिवंत असलेल्या लांडग्यांमध्ये भारतीय लांडग्याचा वंश सर्वांत जुन्या फांद्यांपैकी आहे. यादवेंद्रदेव झाला आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये देशभरात सुमारे 3,170 प्रौढ लांडग्यांचा अंदाज दिला. म्हणजे संख्येच्या हिशेबात तो वाघाच्या पंगतीला बसतो. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतही दोघं शेजारी आहेत. पैसा आणि कौतुक मात्र एकाच्याच वाट्याला येतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वन्यजीव अभ्यासक बिलाल हबीब यांची गोष्ट या संदर्भात मला महत्त्वाची वाटते. टिपेश्वरहून निघून तीन हजारांहून अधिक किलोमीटर चाललेल्या 'वॉकर' वाघाच्या गळ्यातल्या रेडिओ पट्ट्यामुळे त्यांचं नाव अनेकांनी ऐकलं. पण त्यांची पीएच.डी. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरची, लांडग्यांवरची. लांब चालणारं जनावर म्हणजे काय, हे ते तिथेच शिकले असणार.

मग पट्टे नसलेलं जनावर शोधायचं कसं? इरावती माजगावकर आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम महाराष्ट्राच्या प्रचंड टापूत लांडगा, तरस आणि बिबट्या कुठे आहेत हे शोधलं, ते वनखात्याच्या कर्मचाऱ्यांना विचारून. रोज त्या रानात फिरणाऱ्याला माहीत असतं. विचारायची आणि पडताळायची शिस्त हवी.

माळावर हे सर्वांत जास्त धनगरांना माहीत असतं, कारण लांडगा जगतो बराचसा त्यांच्या कळपावर. त्या सकाळी आम्ही एका वाड्यावर गेलो. जाळीची वाघर अजून उभी होती, आत मेंढरं एकमेकींना खेटून. एका म्हाताऱ्या मामांचं कोकरू आठवड्यापूर्वी गेलं होतं.

"पंचनामा केला का मामा?"

"कशाचा करायचा ताई? उचलूनच नेलं. खूर बी न्हाई ऱ्हायलं मागं."

भरपाई मागायची तर मेलेलं जनावर दाखवावं लागतं. कोकरू आख्खं उचलणाऱ्या लांडग्यापुढे हा नियम लुळा पडतो. फिरत्या वाड्यानं कचेरीत किती खेटे घालायचे?

सरकारी कागदापुढे माळाचंही तेच. दप्तरात तो 'पडीक', म्हणून कुणीही खणावा, झाडं लावावीत, शेड उभाराव्यात. भटकी कुत्री वाढतात, रोग आणतात. 2023 मध्ये जनुकीय तपासणीनं पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचाही पुरावा दिला. वनखात्यानं कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली, हे चांगलंच झालं. निदान माळ बघायला कुणीतरी येऊ लागलं.

निघताना तिनं वही उघडली. "त्या रात्री किती होते, मामा?"

"तीन. येक जुना हाय, मागला डावा पाय वढतो. दोन त्याच्या मागनं."

कॅमेऱ्यात महिनाभर दिसणारा लांडगा एकच की दोन, यावर ती अडली होती. तिनं ओळ लिहिली, खाली रेघ मारली.

"दिवाळी झाली की आमी कोकणात उतरनार," मामा म्हणाले. "तवर हितंच हाय. मागनं त्या कालव्याकडच्या वस्तीवरल्या पोरास्नी इचार. लंगड्याला त्यी बी वळखत्यात."

तिनं वस्तीचा रस्ता विचारून घेतला.